दाढेतील चौथी नलिका



या शाळेत तीन तपांहून अधिक काळ विज्ञान शिकविणाऱ्या सरांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान दरवर्षी योजिले जाते. विषय विज्ञानातील असावा आणि तो मराठीतून, कोणत्याही शाखेच्या श्रोत्याला समजेल अशा रीतीने मांडावा, एवढ्याच दोन अटी संस्थेने घातल्या आहेत. पैकी दुसरी अट पाळणे हे माझे आयुष्यभराचे काम होते. पहिली पाळण्यासाठी मला अभ्यास करावा लागला. मी मराठीचा अध्यापक. दंतवैद्यकाचे शिक्षण मी घेतलेले नाही. परंतु एका दाढेच्या निमित्ताने या शास्त्रातील एक लहानसा प्रश्न माझ्यासमोर आला, त्यासंबंधी जे वाचावयास मिळाले ते मी वाचले, आणि असे दिसून आले की प्रश्न लहान असला तरी त्याचा बोध लहान नाही.

प्रश्न असा : वरच्या जबड्यातील पहिल्या दाढेत मूळनलिका किती असतात? अनेक वर्षे या प्रश्नाचे व्यवहारातील उत्तर ‘तीन’ असे होते. बहुसंख्य दाढांपुरते खरे उत्तर ‘चार’ असे आहे. ही चौथी नलिका दाढेत पूर्वीही होती, तिचे वर्णन ग्रंथांतही आले होते. तरी उपचार करणाऱ्यांपैकी बहुतेकांना ती सापडत नव्हती. ती का सापडत नव्हती आणि भिंगाच्या साह्याने कशी सापडू लागली, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

१. शब्दापासून आरंभ

आपण बोलताना ‘मी दाढेचे रूट कॅनाल करून घेतले’ असे म्हणतो. या वाक्यरचनेने एक गैरसमज रूढ केला आहे. मराठीत कॅनॉल म्हटले की धरणाचा कालवा डोळ्यांसमोर येतो, आणि कालवा तर खणावा लागतो. त्यामुळे दंतवैद्य दाढेत काही खणून नवी वाट तयार करतात, अशी अनेकांची समजूत असते. वस्तुतः ही नलिका दातात मुळातच असते. डॉक्टर ती शोधतात, आतून स्वच्छ करतात आणि भरून बंद करतात. शोधणे, स्वच्छ करणे, भरणे या तीन क्रियांत पहिली चुकली तर पुढच्या दोन कितीही कुशलतेने केल्या तरी त्या नलिकेपुरता उपचार झालाच नाही, असे होते.

दाताच्या बाहेरचे कठीण कवच म्हणजे एनॅमल. त्याच्या आत डेंटिन, आणि डेंटिनच्या गाभ्यात एक पोकळी. या पोकळीत रक्तवाहिन्या, मज्जातंतू व मऊ ऊती यांनी बनलेला दंतगर असतो. लोकभाषेत यालाच ‘दाताची नस’ म्हणतात. दाताच्या माथ्याखालील या पोकळीतून निघून मुळांच्या टोकापर्यंत जाणाऱ्या अरुंद वाटा म्हणजे मूळनलिका. कीड खोल गेली की दंतगराला जंतुसंसर्ग होतो, तो मरतो, आणि जंतू नलिकांमधून मुळाच्या टोकाशी पोहोचून तेथील हाड पोखरू लागतात. हे थांबविण्यासाठी सर्व नलिका रिकाम्या व निर्जंतुक करून बंद कराव्या लागतात. येथे ‘सर्व’ हा शब्द महत्त्वाचा आहे.

२. सहाव्या वर्षाची दाढ

या व्याख्यानासाठी वरची पहिली दाढ निवडण्याचे कारण शाळेशी निगडित आहे. मूल साधारण सहा वर्षांचे होते, पहिलीच्या वर्गात बसू लागते, त्याच सुमारास ही कायमची दाढ उगवते. तिच्यापूर्वी त्या जागी दुधाची दाढ नसते. ती दुधाच्या दाढांच्या मागे नव्याने येते. त्यामुळे कोणताही दात पडलेला नसताना आलेली ही दाढ दुधाचीच असावी, असे समजून अनेक पालक तिच्याकडे दुर्लक्ष करतात. कायमच्या दातांत ही सर्वांत आधी येणाऱ्यांपैकी असल्याने गोडधोडाचा मारा तिच्यावर सर्वांत अधिक वर्षे होतो, तिच्या माथ्यावरील खाचांत अन्न अडकते, आणि म्हणून तिला कीड लागण्याचे प्रमाणही मोठे असते. उपचारासाठी दंतवैद्याकडे येणाऱ्या दाढांत तिची संख्या नेहमीच लक्षणीय राहिली आहे.

हिला सामान्यतः तीन मुळे असतात. दोन गालाच्या बाजूला, त्यांपैकी एक पुढचे व एक मागचे. आणि तिसरे टाळूच्या बाजूला. एका मुळात एक नलिका, म्हणून तीन मुळांत तीन नलिका, हा हिशेब सरळ होता. तो चुकतो तो गालाकडील पुढच्या मुळाच्या बाबतीत. सोयीसाठी यापुढे आपण त्याला नुसते ‘पुढचे मूळ’ म्हणू.

३. नलिका दडते का?

पुढचे मूळ काठीसारखे गोल नसते. गालाकडून टाळूकडे पाहता ते रुंद, आणि पुढून मागे पाहता चपटे असते. एखादी पट्टी उभी धरावी तसे. आतील पोकळीही तशीच पट्टीसारखी असते. अशा पोकळीच्या मध्यभागी डेंटिनचा थर वाढत गेला की तिच्या दोन कडांना दोन वाटा उरतात. एक गालाकडची, ठसठशीत. दुसरी टाळूच्या दिशेने सरकलेली, बारीक. ही दुसरी म्हणजेच आपली चौथी नलिका. आता ती न दिसण्याची कारणे पाहू.

पहिले कारण वयाचे. डेंटिन आयुष्यभर आतून थोडे थोडे साचत राहते. जसजसे वय वाढते तसतशी पोकळी आक्रसते व नलिकांची मुखे अरुंद होतात. जी नलिका मुळातच बारीक, ती या वाढीत सर्वांत आधी दिसेनाशी होते.

दुसरे कारण मुखाच्या जागेचे. या नलिकेच्या मुखावर बहुधा डेंटिनचा एक लहानसा छज्जा आलेला असतो. शिवाय ती मुखापासून सरळ खाली न जाता प्रथम पुढच्या बाजूला तिरकी जाते आणि मग वळते. त्यामुळे मुख दिसले तरी बारीक तार आत शिरत नाही, आणि ‘ही नुसती खाच असावी’ असा समज होतो.

तिसरे कारण क्ष-किरण चित्राचे. नेहमीच्या चित्रात किरण गालाच्या बाजूने शिरून टाळूच्या बाजूकडे जातात. पुढच्या मुळातील दोन्ही नलिका नेमक्या याच दिशेने एकीमागे एक उभ्या असतात. एका ओळीत उभी असलेली दोन मुले समोरून पाहिली तर एकच दिसावे, तसे होते. किरणांचा कोन थोडा बाजूला वळवून दुसरे चित्र घेतले तर कधी कधी दुसरी रेषा सुटी होते. पण ती दिसतेच असे नाही.

चौथे कारण डोळ्याचे. वाचनाच्या अंतरावर निरोगी मानवी डोळ्याला सुमारे ०.१ ते ०.२ मिलिमीटर अंतरावरील दोन बिंदू वेगळे ओळखता येतात. या नलिकेत प्रथम घातली जाणारी फाईल नावाची बारीक पोलादी तार टोकाशी ०.०६, ०.०८ किंवा ०.१० मिलिमीटर जाडीची असते. म्हणजे ज्या छिद्राचा शोध घ्यावयाचा ते डोळ्याच्या मर्यादेच्या काठावर, आणि तेही जबड्याच्या मागच्या कोपऱ्यात, लाळ व ओल यांच्यामध्ये. त्यात डॉक्टरही माणूसच. चाळिशी त्यालाही लागते.

४. ग्रंथांत होती, हातात नव्हती

ही नलिका अलीकडे सापडली असे मात्र नाही. झुरिच येथील वाल्टर हेस यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात काढलेल्या दातांचा अभ्यास केला. दातांच्या पोकळीत रबर भरून ते कठीण करावयाचे आणि मग भोवतालचा दात आम्लात विरघळवून टाकावयाचा, अशी त्यांची रीत होती. मागे उरत असे तो नलिकांचा हुबेहूब साचा. त्यांच्या ग्रंथाची इंग्रजी आवृत्ती १९२५ साली प्रसिद्ध झाली. झाडाच्या मुळांप्रमाणे फाटे फुटलेले ते साचे पाहिल्यावर ‘एक मूळ, एक नलिका’ हा नियम टिकण्यासारखा नव्हता.

पुढे १९६९ साली अमेरिकेतील फ्रँकलिन वाइन व सहकाऱ्यांनी वरच्या पहिल्या दाढेची २०८ पुढची मुळे तपासली. त्यांपैकी निम्म्याहून किंचित अधिक मुळांत नलिका दुहेरी निघाली. उपचार करूनही ही दाढ काही वेळा का बरी होत नाही, याचा संबंध त्यांनी या न सापडलेल्या नलिकेशी जोडला.

१९९० साली कुलिल्ड व पीटर्स यांनी याच प्रश्नाचा अधिक बारकाईने पाठपुरावा केला. त्यांनी वरच्या पहिल्या व दुसऱ्या अशा एकूण ८३ दाढा पायरीपायरीने तपासल्या. केवळ हातातील उपकरणांनी शोधता ५४.२ टक्के दाढांत दुसरी नलिका मिळाली. बर, म्हणजे डेंटिन कोरण्याचे फिरते पाते, वापरून आणखी खोल गेल्यावर ३१.३ टक्के दाढांची त्यात भर पडली. उरलेल्या मुळांचे छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर आणखी ९.६ टक्के. एकंदर ९५.२ टक्के मुळांच्या वरच्या अर्ध्या भागात ती होती. तिचे मुख पहिल्या नलिकेच्या मुखापासून टाळूच्या दिशेने सरासरी १.८२ मिलिमीटर अंतरावर होते.

या आकड्यांचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. दाढ तीच, नलिका तीच. शोधण्याची रीत बदलली तसा ‘किती टक्के’ याचा आकडा बदलत गेला. तेव्हा एखादा अभ्यास ‘इतक्या टक्के दाढांत चौथी नलिका आढळली’ असे सांगतो, तेव्हा तो दाढेइतकेच पाहणाऱ्याविषयीही सांगत असतो.

५. भिंग आणि प्रकाश

शस्त्रक्रियेत सूक्ष्मदर्शकाचा उपयोग प्रथम कानाच्या डॉक्टरांनी केला. स्टॉकहोम येथे १९२१ साली कार्ल नीलेन यांनी एका डोळ्याने पाहावयाचा सूक्ष्मदर्शक कानाच्या शस्त्रक्रियेत वापरला. लगेच पुढच्या वर्षी गुन्नार होल्मग्रेन यांनी दोन्ही डोळ्यांनी पाहावयाचा वापरला. दंतवैद्यकात तो येण्यास साठ वर्षे लागली. १९८१ साली अपोथेकर यांनी खास दंतवैद्यांसाठी केलेला सूक्ष्मदर्शक पुढे आणला, पण तो वापरण्यास अवघड होता आणि रुजला नाही. १९९० च्या दशकात गॅरी कार, सिंगकुक किम आदींच्या प्रयत्नांनी मूळनलिकांच्या उपचारात त्याला स्थान मिळाले. १९९८ पासून अमेरिकेतील या विषयाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत सूक्ष्मदर्शकाचे शिक्षण आवश्यक ठरविण्यात आले.

येथे दोन साधनांतील भेद सांगितला पाहिजे. एक साधन म्हणजे लूप. चष्म्यावर बसविलेल्या लहान दुर्बिणीसारखे हे भिंग साधारण अडीच ते साडेचारपट मोठे दाखविते. दुसरा शस्त्रक्रियेचा सूक्ष्मदर्शक. तो भिंतीला, छताला किंवा चाकांच्या स्तंभाला जोडलेला असतो आणि तीन-चारपटीपासून वीस-पंचवीसपटीपर्यंत मोठेपणा कमी-अधिक करता येतो.

परंतु सूक्ष्मदर्शकाचा खरा लाभ केवळ मोठे दिसण्यात नाही. ‘दिव्याखाली अंधार’ ही म्हण दंतवैद्याच्या खुर्चीला तंतोतंत लागू पडते. वरून टांगलेल्या दिव्याचा प्रकाश तिरका येतो. डॉक्टरांचे डोके, हात आणि दाढेच्याच भिंती त्याच्या आड येतात, आणि जेथे पाहावयाचे तो तळ सावलीत राहतो. सूक्ष्मदर्शकात प्रकाशाची वाट आणि नजरेची वाट जवळजवळ एकच असते. जेथे नजर जाते तेथेच उजेड जातो, म्हणून सावली पडत नाही. अरुंद विहिरीच्या तळाचे पाणी पाहण्यासाठी सूर्य डोक्यावर यावा लागतो, तसे हे आहे.

वरची दाढ तर सरळ पाहताच येत नाही; ती आरशातून पाहावी लागते. साध्या आरशात काचेच्या पृष्ठभागाचे एक आणि मागील चकाकीचे एक अशी दोन प्रतिबिंबे किंचित सरकून पडतात. एरवी हा दोष जाणवत नाही, पण मोठे करून पाहिले की कडा पुसट होतात. म्हणून येथे काचेच्या पुढच्या बाजूलाच चकाकीचा थर दिलेला आरसा वापरतात.

भिंग फुकट काही देत नाही, हेही खरे. जितके मोठे पाहावे तितके दृष्टिक्षेत्र लहान होते, स्पष्ट दिसणाऱ्या खोलीचा पट्टा अरुंद होतो आणि प्रकाश कमी पोहोचतो. म्हणून अनुभवी तज्ज्ञ प्रथम कमी मोठेपणावर संपूर्ण तळ पाहून दिशा निश्चित करतात, संशयित जागी मोठेपणा वाढवितात आणि पुन्हा मागे येतात.

भिंगामुळे किती फरक पडतो? २००२ साली बुहर्ली व सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष रुग्णांवरील ३१२ उपचारांची नोंद अभ्यासली. वरच्या पहिल्या दाढेत चौथी नलिका सापडण्याचे प्रमाण भिंगाविना १७.२ टक्के, लूप वापरणाऱ्यांकडे ६२.५ टक्के आणि सूक्ष्मदर्शक वापरणाऱ्यांकडे ७१.१ टक्के होते. मोठी झेप उघड्या डोळ्यापासून लूपपर्यंत आहे. लूपपासून सूक्ष्मदर्शकापर्यंतचा टप्पा त्या मानाने लहान. सूक्ष्मदर्शक महाग असतो, तो गावोगाव असणार नाही. पण लूप तालुक्याच्या ठिकाणच्या दवाखान्यातही असू शकतो, आणि त्यानेही पुष्कळ साधते, हा या आकड्यांचा आपल्या उपयोगाचा भाग आहे.

६. शोधण्याची रीत

नुसते भिंग लावून नलिका सापडत नाही. माझ्या संशोधनाच्या काळात मी हस्तलिखित पोथ्या वाचीत असे. चुकलेल्या अक्षरावर पिवळा हरताळ लावून ते झाकण्याची लेखकांची पद्धत होती. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तेथूनच आला. भिंगाखाली त्या थराची कड दिसते, कोठे विरळ झालेल्या थरातून खालची रेघ डोकावते. पण जुन्या अक्षरांची वळणे ज्याला ठाऊक नाहीत त्याला भिंगातून केवळ मोठा डाग दिसतो. आपल्या बडोद्यातील किती तरी घरांत माळ्यावर मोडी कागद पडून आहेत. मोडी न जाणणाऱ्याने ते दहापट मोठे करून पाहिले तरी त्याला दहापट मोठ्या रेघाच दिसणार. दाढेचा तळही असाच वाचावा लागतो, आणि त्याची लिपी ठरलेली आहे.

२००४ साली क्रास्नर व रँको यांनी ५०० दातांच्या अभ्यासावरून या लिपीचे नियम मांडले. पोकळीच्या तळाचा रंग भिंतींच्या रंगाहून नेहमी गडद असतो. नलिकांची मुखे तळ व भिंत जेथे मिळतात त्या सांध्यावर, विशेषतः त्या सांध्याच्या कोपऱ्यांत असतात. तळावर मुखामुखांना जोडणाऱ्या गडद रेषा असतात. मुळे घडताना एकमेकांस जुळली त्याच्या या खुणा होत. म्हणून जर फिकट भिंतीने तळाच्या गडद रंगावर अतिक्रमण केलेले दिसले, तर तेथे छज्जा आहे आणि त्याखाली काही दडले असण्याचा संभव आहे, असे समजावयाचे.

प्रत्यक्षात क्रम असा असतो. दाढेभोवती रबराचा पातळ पडदा बसवून ती लाळेपासून अलग केली जाते. माथ्यावरील छिद्र, जे पूर्वी तीन मुखांना धरून त्रिकोणी ठेवीत, ते पुढच्या बाजूला वाढवून चौकोनाकडे नेतात. पुढच्या मुळाच्या ठसठशीत मुखापासून टाळूकडच्या मुखापर्यंत मनाने एक रेषा ओढावयाची आणि त्या रेषेच्या किंचित पुढच्या बाजूस, पहिल्या मुखापासून साधारण दोन मिलिमीटरच्या आत नजर स्थिर करावयाची. छज्जा दिसल्यास श्रवणातीत कंपनांवर चालणाऱ्या बारीक टोकाने तो कणाकणाने काढावयाचा. मोठ्या आवाजाच्या फिरत्या पात्यापेक्षा हे टोक बरे, कारण ते कोरीत असतानाही जागा डोळ्यांना दिसत राहते.

तरीही मुख दिसले नाही तर दोन सोप्या युक्त्या आहेत. एक, निळा रंग तळावर सोडून धुऊन टाकणे. खाचेत व मुखात रंग अडकून राहतो. दुसरी, सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण पोकळीत भरून शांतपणे पाहणे. न साफ झालेल्या नलिकेतील ऊतीशी त्याची क्रिया होऊन तेथून बारीक बुडबुड्यांची माळ वर येते. मुख सापडले की सर्वांत बारीक तार हलक्या हाताने आत न्यावयाची, आणि नंतर स्वच्छता व गटापर्चाने भरणे हा नेहमीचा क्रम.

या साऱ्याला वेळ लागतो. स्ट्रॉप्को यांनी आठ वर्षांत उपचार केलेल्या १,७३२ वरच्या दाढांचा वृत्तांत १९९९ साली दिला. पहिल्या दाढेत चौथी नलिका त्यांना एकूण ७३.२ टक्के वेळा सापडली होती. पण जेव्हा ते नित्यनेमाने सूक्ष्मदर्शक व त्यासाठीची खास उपकरणे वापरू लागले आणि प्रत्येक रुग्णासाठी पुरेसा वेळ राखून ठेवू लागले, तेव्हा हे प्रमाण ९३ टक्क्यांवर गेले. यंत्र, अनुभव आणि सवड या तिन्हींचा हा एकत्रित परिणाम आहे.

७. कोठे थांबावे

शोधण्याच्या भरात कोरीत राहिले तर मुळांच्या दुभाजकापाशी तळालाच भोक पडण्याचा धोका असतो, आणि त्याने वाचणारी दाढही जाऊ शकते. कोठे थांबावे हेही भिंगच सांगते : गडद रेषा संपली, सर्वत्र एकसारखा फिकट डेंटिन दिसू लागला की पुढे जाऊ नये. काही दाढांत ती नलिका खरोखरच नसते किंवा पूर्ण बुजलेली असते.

आता कोन बीम सी.टी. या तंत्राने दाढेचे त्रिमितीय चित्र मिळते. त्यात पुढच्या मुळाचा आडवा छेद पाहून दुसरी नलिका आहे की नाही याचा अंदाज उपचाराआधीच घेता येतो. तथापि त्यातील किरणांची मात्रा साध्या लहान चित्राहून अधिक असते, म्हणून ते सरसकट सर्वांचे न काढता गुंतागुंतीची रचना संभवते तेथेच, मर्यादित क्षेत्राचे काढावे, असा तज्ज्ञांच्या संघटनांचा सल्ला आहे. आणि नकाशा हाती आला तरी वाट चालावी लागतेच. मुख शोधण्याचे काम पुन्हा डोळ्याकडे व भिंगाकडेच येते.

८. न सापडल्यास काय होते?

प्रत्येक न सापडलेली नलिका त्रास देतेच असे नाही. अनेक दाढांत पुढच्या मुळातील दोन्ही नलिका टोकापूर्वी एकमेकींस मिळतात. तेव्हा एक नीट भरली की दुसरीचे खालचे तोंड बंद होते. तीनच नलिका भरलेल्या कित्येक दाढा वर्षानुवर्षे निर्वेध टिकल्या, त्याचे एक कारण हे असावे.

पण जेथे ती स्वतंत्र जाते किंवा तिच्यात जंतू उरतात, तेथे चित्र वेगळे असते. २००५ साली वोल्कॉट व सहकाऱ्यांनी ५,६१६ दाढांची नोंद मांडली. वरच्या पहिल्या दाढेत प्रथम उपचाराच्या वेळी ही नलिका ५८ टक्के, तर फेरउपचारासाठी आलेल्यांत ६६ टक्के सापडली. म्हणजे बिघडून परत आलेल्या दाढांत तिचे प्रमाण अधिक होते. २०१६ साली काराबुजाक व सहकाऱ्यांनी उपचार झालेल्या १,३९७ दातांची त्रिमितीय चित्रे तपासली. सुमारे २३ टक्के दातांत एखादी तरी नलिका राहून गेली होती, आणि अशा दातांच्या मुळाशी विकार असण्याचा संभव इतरांच्या ४.३८ पट होता.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. भिंगाने नलिका अधिक सापडतात हे सिद्ध आहे. पण भिंगामुळेच दाढा अधिक टिकतात, हे रुग्णांचे यदृच्छेने दोन गट करून घेतलेल्या चाचण्यांनी दाखविले गेले आहे काय? २०१५ साली कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या संस्थेने आढावा घेतला, तेव्हा कसोटीस उतरणारी एकही चाचणी आढळली नव्हती. दोन विधानांतील हे अंतर झाकून ठेवणे या व्याख्यानमालेच्या परंपरेस शोभणार नाही.

आता रुग्णाच्या बाजूने थोडे. माझ्या स्वतःच्या वरच्या दाढेवर सत्तरीच्या आसपास उपचार झाला, टोपी बसली, आणि तरीही गरम चहाचा घोट त्या बाजूने घेतला की कळ येत असे. दोन ठिकाणी दाखविले. चित्र स्वच्छ आहे, नस काढली आहे, तेव्हा दुखणे शक्य नाही. वयाच्या मानाने असे भास होतात, असे मला सांगण्यात आले. वास्तविक, नस काढल्यानंतर गरम-थंड जाणवत राहणे ही कोठे तरी ऊती शिल्लक असल्याची एक ओळखीची खूण आहे. तिसऱ्या ठिकाणी एका तज्ज्ञ बाईंनी टोपी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. अर्ध्या तासाने त्या शांतपणे म्हणाल्या, ‘काका, चौथी आहे.’ त्यानंतर कळ गेली. दाढ आजही तोंडात आहे आणि तिने मी भाकरी चावतो. ती काढून टाकण्याचाही सल्ला मला एकदा मिळाला होता, म्हणून हे सांगितले.

म्हणून दाढेवर उपचार करून घेणाऱ्यांनी, विशेषतः माझ्या वयाच्या मंडळींनी, तीन गोष्टी संकोच न करता विचाराव्यात. माझ्या दाढेत किती नलिका सापडल्या? चौथी शोधण्याचा प्रयत्न झाला का, आणि तो लूप किंवा सूक्ष्मदर्शकाखाली झाला का? आणि उपचारानंतरही कळ राहिली तर दाढ काढण्यापूर्वी तज्ज्ञाकडून पुन्हा तपासता येईल का? चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही. आणि घरात सहा वर्षांचे नातवंड असेल तर त्याच्या जबड्यात मागे आलेली नवी दाढ आजच पाहावी; ती नीट राखली तर या व्याख्यानातील उरलेला सारा खटाटोप त्याला कधी करावाच लागणार नाही.

श्रोतेहो, या नलिकेच्या इतिहासात मला सर्वांत विचारार्ह वाटते ते हे, की ती १९२५ च्या ग्रंथात होती आणि तरी पुढील अर्धशतकाहून अधिक काळ बहुसंख्य रुग्णांच्या दाढेत ती शोधली गेली नाही. तीन मुखे सापडली की काम पुरे झाले, असे मनाने आधीच ठरविले होते. म्हणून डोळे तेथे थांबत होते. भिंगाने छिद्र मोठे केले, पण त्याआधी कोणी तरी ‘तीनच का?’ असे विचारावे लागले. ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत ते प्रयोगवहीत पुस्तकातील अपेक्षित उत्तर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला वही परत देत आणि ‘तुला काय दिसले ते लिही’ असे सांगत, ही आठवण येथील अनेक माजी विद्यार्थ्यांनी मला सांगितली.